पोच मिळाली, उत्तर कधी?

नगरपरिषदेत अर्ज देऊन आलेला माणूस घरात पाऊल ठेवताच सांगतो, ‘पोच घेतली.’ आवक खिडकीवर दुसऱ्या प्रतीवर शिक्का बसतो, क्रमांक आणि तारीख पडते. ती प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपली जाते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरातल्या कितीतरी घरांत असे कागद आहेत आणि पुष्कळांची कहाणी त्या शिक्क्यापाशीच थांबली आहे.

आता तिन्ही शहरांत पुन्हा लोकांनी निवडलेली सभागृहे आली आहेत. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांची मुदत 2020 मध्ये संपली होती, उल्हासनगर महापालिकेची 2022 मध्ये. तेव्हापासून कारभार प्रशासकांच्या हाती होता. नगरपरिषदांचे निकाल 21 डिसेंबर 2025 रोजी लागले, महापालिकेचा 16 जानेवारी 2026 रोजी. एवढ्या खंडानंतर बसणाऱ्या सभागृहांनी नागरिकांच्या सामूहिक निवेदनाला विषयपत्रिकेवर हक्काची जागा द्यावी, अशी आमची कळकळीची मागणी आहे.

तक्रारीच्या वाटा आहेत. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, 2015 पासून ‘आपले सरकार’ हे तक्रार पोर्टल आहे. पण या वाटा मुख्यतः एकेकट्याच्या गाऱ्हाण्यासाठी. माझ्या दारातले गटार तुंबले, हे तिथे सांगता येते. वालधुनी नदीचे काय करणार, हे हजार लोकांनी मिळून विचारायचे तर कुठे? उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणासाठी ‘वनशक्ती’ संस्थेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले. जो प्रश्न आधी गावच्या सभेत गाजायला हवा, त्यासाठी वकील करावा लागला.

बदलापूरकरांनी तर याहून कठीण वाट धरली आहे. ऑगस्ट 2022 मध्ये साध्या लोकलऐवजी वातानुकूलित गाड्या सोडल्या म्हणून प्रवासी स्थानकात संतापले, कळव्यातही तेच झाले, आणि मध्य रेल्वेने अशा दहा फेऱ्या मागे घेतल्या. 20 ऑगस्ट 2024 रोजी चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराची दखल घ्यायला लागलेल्या विलंबाने पेटलेले लोक रुळांवर उतरले. रेल्वे आणि पोलीस नगरपरिषदेच्या अखत्यारीत नाहीत, आणि गुन्ह्याची फिर्याद म्हणजे निवेदन नव्हे, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही संताप उफाळल्यावरच आपले ऐकले जाते, हा धडा या गावाने दोनदा घेतला. तिसऱ्यांदा तो घ्यावा लागू नये.

सह्यांना वजन देण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. 1870 मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा सभासदाला किमान 50 प्रौढांच्या सहीचे मुखत्यारपत्र आणावे लागे. मताचा हक्क नसलेल्या काळात गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिनिधित्वाचे हे माप ठरवले. आज ब्रिटनमध्ये ऑनलाइन याचिकेवर 10 हजार सह्या झाल्या की सरकार उत्तर देते आणि एक लाख झाल्या की संसदेतील चर्चेसाठी तिचा विचार होतो.

बदलापुरात एक लाखाची अट नको. 2011 च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्याच पावणेदोन लाखांच्या आसपास होती. आम्ही पुण्याचेच माप घेऊ. 50 सह्यांना तीस दिवसांत लेखी उत्तर मिळावे, 500 सह्यांवर विषय सर्वसाधारण सभेपुढे यावा आणि निवेदन देणाऱ्यांपैकी एकाला पाच मिनिटे बोलू द्यावे. उल्हासनगर मोठे, तिथे आकडा वाढवावा. प्रत्येक निवेदनाचा क्रमांक, ते कोणत्या टेबलावर आहे आणि त्यावर काय ठरले, हे संकेतस्थळावर आणि कार्यालयाबाहेरच्या फलकावर सर्वांना दिसावे. सही मोबाइलवरून चालावी तशी कागदावरही चालावी, कारण सहा-बाराची लोकल पकडणाऱ्या बाईची सही फलाटावरच मिळेल. निवेदन फेटाळले तर कारण लिहून द्यावे. नाकारण्याचा अधिकार सभेला आहेच, गप्प बसण्याचा नसावा.

उल्हासनगरात आणखी एक करावे. फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांच्या कल्याण कॅम्पातून हे शहर उभे राहिले. तिथल्या आजीने सिंधीत लिहिलेला अर्जही खिडकीवर घेतला जावा आणि त्याचे मराठी भाषांतर महापालिकेने स्वतः करून सभेपुढे ठेवावे.