बाबांचं रिव्हॉल्व्हर

मागच्या वेळी माहेरच्या माळ्यावरच्या तांब्या-पितळेबद्दल लिहिलं, तेव्हा त्या घरातली एक वस्तू मुद्दाम वगळली होती. बाबांचं रिव्हॉल्व्हर.

ग्वाल्हेरकरांना यात नवल वाटणार नाही. निवडणूक आली की गल्लीतले काका-मामा आपापल्या बंदुका ठाण्यात जमा करायला निघत, त्यात बाबाही असत. एरवी ते आईच्या लोखंडी कपाटात, रेशमी साड्यांच्या खाली.

बाबा जानेवारीत गेले. परवाना त्यांच्या नावाचा. वारसाला आपल्या नावे परवाना मागता येतो, पण तो मिळेपर्यंत शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा ठेवावं लागतं. आई म्हणाली, "दिवस होईपर्यंत तरी राहू दे रे." दादाने ऐकलं नाही, आणि बरंच केलं. ठाण्यात कळवून आम्ही बाबांच्या ओळखीच्या दुकानदाराकडे गेलो. दादाचा चिन्मयही बरोबर आला.

दुकानदारांनी डावीकडची खिट्टी अंगठ्याने दाबली, नळी पुढे खाली झुकली आणि सिलिंडरची सहाही घरं समोर आली. रिकामी. मग डोळ्याला भिंग लावून त्यांनी ते पोथीसारखं वाचायला घेतलं. वेब्ली अँड स्कॉट, .३२ बोअर. छोट्या मुकुटांखाली बीव्ही, बीपी, एनपी अशी अक्षरं : बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे शिक्के, त्यातलं एनपी धूर न करणाऱ्या दारूच्या चाचणीचं. आपल्या कानपूरच्या कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर याच घाटाचं, हे मला तिथे कळलं.

सांगाड्याच्या उजव्या अंगावर नंबर होता. तो वाचून ते थांबले. "बेटा, लायसेन्स दिखाना." परवान्यावर शेवटून दुसरा आकडा ३, सांगाड्यावर ८. सिलिंडरवरचा नंबर तर अगदीच निराळा. सिलिंडर कधीतरी बदललेलं असणार, त्याची त्यांना काळजी नव्हती. काळजी होती त्या ८ ची. कागदावरचं शस्त्र आणि हातातलं शस्त्र एकच आहे, हे आता आम्हाला दाखवून द्यायचं होतं.

दादा हळूच म्हणाला, "गंज असेल. जरा काचकागद मारून बघू?" म्हाताऱ्याने रिव्हॉल्व्हर चटकन आपल्याकडे ओढलं. १९५९च्या शस्त्र कायद्यात शस्त्रावरचा नंबर खोडणं, बदलणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. हेतू शुद्ध होता हे घासून गेलेला आकडा सांगत नाही. त्यांनी फक्त मऊ फडकं फिरवलं. ८ तो ८च.

चिन्मय मघापासून काहीतरी शोधत होता. "आत्या, याला चावीचं भोक कुठाय?" त्याने व्हिडिओत पाहिलं होतं. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीने २००१ नंतर आपल्या रिव्हॉल्व्हरांत आतलं कुलूप बसवायला सुरुवात केली. सिलिंडर उघडायच्या खटक्याच्या वर बारीक भोक असतं, चावी फिरवली की चाप चालत नाही. टॉरस कंपनीचं कुलूप मागच्या हातोडीतच असतं. तिकडच्या जुन्या शौकिनांना ते भोक मुळीच आवडत नाही म्हणे. आमच्या वेब्लीत तसलं काहीच नव्हतं. चाप ओढला की हातोडी मागे जाते, सिलिंडर एक घर फिरतं, हातोडी पडते. मध्ये अडवणारं काही नाही.

मला ते ठाऊक होतं. मी नऊ वर्षांची असताना एका दुपारी दादाने आणि मी ते कपाटातून काढलं होतं. चाप जड होता, म्हणून मी दोन्ही हातांनी ओढला. समोर दादा उभा होता. खट्ट झालं आणि आम्ही हसलो. गोळ्या बाबा ऑफिसच्या टेबलात कुलपात ठेवत, हे आम्हाला कितीतरी वर्षांनी कळलं.

दुकानात दादाने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघांनीही चिन्मयला काही सांगितलं नाही. दादाने वारसपरवान्याचा अर्ज खिशातून काढून पुन्हा आत ठेवला आणि दुकानदारांना विचारलं, "तुम्ही विकत घ्याल का?"

घेतील, पण नंबराची दुरुस्ती झाल्यावर. त्यासाठी मूळ खरेदीची पावती हवी. आईला वाटतंय आम्ही परवान्यासाठीच ती शोधतोय. काल तिने कपाटातली एकेक साडी उलगडून पाहिली. अजून मिळालेली नाही.