तेलभक्षक जीवाणू आणि आपली जबाबदारी

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली डॉ. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी प्रयोगशाळेत घडविलेल्या तेलभक्षक जीवाणूचे पेटंट घेता येते, असा निर्णय पाच विरुद्ध चार मतांनी दिला. समुद्रावर सांडणाऱ्या तेलाची चिंता आता मिटली, असे त्या वेळी कोणास वाटले असल्यास नवल नाही. परंतु तो जीवाणू तेलगळतीवर कधीच वापरला गेला नाही. १९८९ साली ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ हे जहाज अलास्कात फुटले, तेव्हा काळवंडलेल्या किनाऱ्यांवर शास्त्रज्ञांनी खत टाकले आणि तेथील मूळच्याच जीवाणूंना बळ दिले.

या उपायामागील मर्म जनुकांच्या वाचनातून अधिक उलगडले. उत्तर समुद्रात बोर्कुम बेटाजवळ सापडलेल्या ‘अल्कॅनिव्होरॅक्स’ या जीवाणूचा संपूर्ण जनुकसंच २००६ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ३१ लाख अक्षरांच्या त्या लेखात तेलातील साखळीरूप हायड्रोकार्बन फोडणाऱ्या विकरांची माहिती आहे. तशीच समुद्रातील तुटपुंजे नत्र ओढून घेण्याची तजवीजही आहे. तेल कर्ब पुरविते, नत्र व स्फुरद पुरवीत नाही. म्हणूनच खत उपयोगी पडते. मात्र तेलातील अनेक वलयांचे विषारी घटक या जीवाणूस पचत नाहीत. त्यासाठी निराळे जीवाणू लागतात; आणि प्राणवायू न पोहोचणाऱ्या चिखलात तर तेल वर्षानुवर्षे तसेच राहते.

आपल्या दृष्टीने हीच गोष्ट महत्त्वाची. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली आणि सांडलेले तेल तिवरांच्या चिखलापर्यंत गेले. अलास्काच्या खडकाळ किनाऱ्यावरचा उपाय आमच्या खाजणांना जसाच्या तसा लागू पडणार नाही. आपल्या खाड्यांत कोणते जीवाणू आहेत आणि त्यांना कशाची उणीव भासते, याची नोंद संकट येण्यापूर्वीच तयार हवी. आमची विद्यापीठे व किनाऱ्यावरील महाविद्यालये हे काम करू शकतात; त्यासाठी सातत्याने पैसा पुरविणे हे शासनाचे कर्तव्य होय.

तथापि, जीवाणू तेल खातात म्हणून ते सांडणाऱ्याचा अपराध हलका होत नाही. सूक्ष्म जीव आपले काम निमूटपणे करीतच राहतील. जहाजे सुरक्षित चालविणे आणि दोषींकडून भरपाई वसूल करणे, हे काम मात्र माणसांचेच आहे.