पडद्यावरचा आखाडा आणि घराण्याचे नाव

कुस्तीचा आम्हांला लहानपणापासून नाद. लाल मातीतल्या पहिलवानांच्या बातम्या आम्ही शोधून शोधून वाचल्या, आणि आपल्या बेटावर फ्रेंच वळणाने जिला ‘कॅच’ म्हणतात ती लुटुपुटीची कुस्तीही कधी टाकली नाही. एकाच माणसाने दोन्हींचे भक्त असावे हे पुष्कळांना चमत्कारिक वाटते. आमच्या घरीही वाटते. तेव्हा इंग्लंडात मिल्टन कीन्स येथे भाच्याच्या घरी तीन आठवडे मुक्काम पडला, आणि त्याच्या सोळा वर्षांच्या मुलाने ‘आजोबा, माझ्याबरोबर कॅच खेळता का?’ असे विचारले, तेव्हा आम्ही चष्मा पुसून मुकाट्याने त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

मिल्टन कीन्स हे आधी कागदावर आखून मग जमिनीवर उतरवलेले गाव. १९६७ साली सरकारने ते ठरवले, २०२२ साली त्याला शहराचा दर्जा मिळाला. आडव्या रस्त्यांना ‘एच’, उभ्या रस्त्यांना ‘व्ही’ आणि पुढे आकडा, असा कारभार. दर चौकात गोल चक्कर. भाचा मोटार चालवतो तेव्हा आम्ही डोळे मिटून घेतो. काँक्रीटच्या गाई मात्र पाहण्यासारख्या आहेत. याच गावात ब्लेचली पार्क आहे, जेथे दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश उलगडण्यात आले. त्याच आवारात संगणकांचे संग्रहालय आहे. युद्धकाळातले अजस्र यंत्र पुन्हा जुळवून तेथे उभे केले आहे, आणि १९८० च्या सुमाराचे घरगुती संगणकही मांडले आहेत. ते पाहून घरी आलो आणि त्याच संध्याकाळी कॅचच्या खेळापुढे बसलो. संदेश उलगडण्यासाठी जन्मलेले यंत्र आता दोन धिप्पाड माणसांना एकमेकांच्या अंगावर फेकते आहे! चाळीस वर्षांपूर्वीच्या असल्या खेळांत पहिलवान म्हणजे रंगीत ठोकळे असत. आता घामाचा थेंबसुद्धा दिसतो.

खेळाचे नाव ‘डब्ल्यूडब्ल्यूई टू-के पंचवीस’. २०२५ च्या मार्चमध्ये तो बाजारात आला. तीनशेहून अधिक मल्ल त्यात आहेत, स्त्रियाही आहेत, आणि कित्येक तर आमच्या तरुणपणीचे आहेत. २०१९ साली याच मालिकेतला खेळ इतका कच्चा निघाला होता की पहिलवानांचे चेहरे वितळल्यासारखे दिसत आणि पाय जमिनीत रुतत. पुढच्या वर्षीचा खेळ मग काढलाच नाही; मालिका २०२२ च्या मार्चमध्ये परतली. या खेपेला पाय जमिनीवर आहेत.

आम्हांला काय आवडले ते आधी सांगतो. प्रतिस्पर्ध्याने पकड घातली की क्षणभर एक खूण उमटते. नेमके त्याच क्षणी बटण दाबले तर डाव उलटतो, उशीर झाला तर पाठ जमिनीला. खरी कुस्ती पाहणाऱ्याला हे लगेच कळेल, कारण आखाड्यातही सारा खेळ त्या अर्ध्या क्षणाचाच असतो. धोबीपछाडीच्या जवळचा एक डाव आम्ही ओळखला आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तो आम्हांला साधलाही. पंचाने तीन म्हणायच्या आत उठणे मात्र आम्हांला तीन आठवड्यांत तीनदाच जमले.

आता गंमत पाहा. फ्रेंच लेखक रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या आपल्या पुस्तकात कॅचवर निबंध लिहून ठेवला आहे. कॅच हा क्रीडाप्रकार नसून नाट्य आहे, असे त्यांचे प्रतिपादन. ते खरेच आहे. तेथे कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असते. इंग्लंडात दर शनिवारी दुपारी दूरदर्शनवर जी कुस्ती दाखवीत आणि १९८८ साली जी बंद झाली, तीही याच जातीची. पण त्या ठरलेल्या कुस्तीचा हा खेळ केला की निकाल ठरलेला राहत नाही! मुलगा आणि आम्ही खरोखर झगडतो, आणि कोण हरणार ते दोघांनाही ठाऊक नसते. (आम्हांला थोडेफार ठाऊक असते.) नाटकाची नक्कल केली आणि नकलेत कुस्ती परत आली. खेळ करणाऱ्यांनी हे जाणून केले की नकळत झाले, कोण जाणे, पण आमच्या लेखी या खेळाचा मोठेपणा तेवढ्यात आहे.

पण आमचे खरे म्हणणे वेगळेच आहे, आणि ते नावाबद्दल आहे.

या खेळात आपला स्वतःचा पहिलवान घडवता येतो. उंची, खांदे, नाक, केस, जांघ्याचा रंग, आखाड्यात येण्याची ऐट, सगळे आपल्या मनासारखे. मुलाने तीन संध्याकाळी खपून एक गडी उभा केला. सावळा, रुंद छातीचा, भगव्या जांघ्याचा. रिंगणाच्या चटईला आम्ही लाल रंग द्यायला लावला. ताक, तेल, हळद घालून मळलेली माती काही त्याने होत नाही, पण मनाचे समाधान. मग नाव. मुलाने आपले आडनाव टाकले. ते पडद्यावर ठळक उमटले. परंतु पहिलवान रिंगणात उतरताना त्याचे नाव मोठ्याने पुकारणारा जो निवेदक आहे, त्याला ठरावीक यादीतलीच नावे उच्चारता येतात. त्या यादीत आमच्या घराण्याचे नाव नाही. समोरच्याचे नाव दणदणीत पुकारले गेले, आणि आमचा गडी आला तो एका उसन्या टोपणनावाने. मुलगा म्हणाला, ‘असू दे आजोबा, शाळेतही कोणाला ते नीट येत नाही.’

वाचकहो, हे वाक्य आम्हांला पंचाच्या तीन आकड्यांपेक्षा जड गेले. आपल्या पूर्वजांनी रत्नागिरी भागातून निघून मुंबई बंदर सोडले आणि ते पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले, तेव्हा कारकुनाला जसे ऐकू आले तसे त्याने लिहून घेतले. कोणाचे गावाचे नाव गळाले, कोणाच्या पणजोबांचे पाळण्यातले नावच पुढे साऱ्या घराण्याचे आडनाव होऊन बसले. त्या कारकुनाने निदान ऐकले तरी होते. या यंत्राला ऐकायचेच नाही. यादीत असाल तर बोलेन, नसाल तर गप्प. आम्ही मुलाला त्याचे आडनाव म्हणून दाखवायला सांगितले, तर त्याने ते अगदी इंग्रजी घशातून काढले. मधला ‘ळ’ कुठेच नव्हता.

भारतीय मल्ल या मालिकेत आले नाहीत असे नाही. २००७ साली जगज्जेतेपद मिळवणारा ग्रेट खली हा हिमाचलचा गडी त्या सुमाराच्या खेळात होता, २०१७ चा विजेता जिंदर महल, कॅनडात जन्मलेला पंजाबी, हाही होता. मराठी नाव आमच्या पाहण्यात आले नाही. मग आम्ही मुलाला खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पहिलवान १९४८ साली याच इंग्लंडात, लंडनच्या ऑलिम्पिकात, मातीची सवय असता गादीवर लढला आणि सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकी स्पर्धेला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. मुलाने विचारले, ‘लंडनला त्यांचे नाव पुकारणाऱ्याला ते म्हणता आले असेल का?’ याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

एक तक्रार राहिली, ती थोडक्यात करतो. या खेळात ‘द आयलंड’ नावाचा एक भाग आहे, म्हणजे बेट. तेथे आपल्या पहिलवानाची ताकद वाढवायला खेळातले नाणे लागते. ते खेळून मिळते, पण मुंगीच्या पावलांनी. खरे पैसे मोजले की चुटकीसरशी. विकत घेतलेल्या खेळाच्या पोटात पुन्हा दुकान थाटणे आम्हांला लबाडीचे वाटते. आमच्याही बेटावर दुकानदार आहेत, पण ते निदान उधारी तरी देतात. आईबापांनी आपले कार्ड त्या यंत्राला जोडून ठेवू नये, एवढेच आमचे सांगणे.

खेळ वाईट म्हणून बंद करा, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. इंग्लंडात त्याच्या वेष्टनावर सोळा वर्षांची अट छापलेली असते, ती पाळावी. आणि घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याने शेजारी बसावे, हरण्याची तयारी ठेवून.

निघण्याच्या आदल्या रात्री शेवटची कुस्ती झाली. भगव्या जांघ्याचा गडी पडद्याआडून निघाला तसा आम्ही मुलाला आवाज बंद करायला सांगितला, सोफ्यावरून उठलो, मुठीचा कर्णा केला आणि घराण्याचे पुरते नाव, पणजोबांसकट, गावासकट, ‘ळ’ वर जोर देऊन पुकारले. सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, काय झाले म्हणून. मुलगा हसत सुटला. मग म्हणाला, ‘पुन्हा एकदा, आजोबा, हळू म्हणा’, आणि खेळ थांबवून आमच्या तोंडाकडे पाहत बसला.