समुद्र गुदमरतो तेव्हा

ज्यांच्या शेततळ्यात मासे आहेत त्यांना हे नव्याने सांगायला नको. चैत्र-वैशाखात पहाटे तळ्यावर गेलं तर रोहू, कटला पाण्याबाहेर तोंड काढून आ वासताना दिसतात. रोग काही नसतो, पाण्यातला प्राणवायू कमी पडलेला असतो. ० अंशाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशाच्या पाण्यात जेमतेम ७.५. म्हणजे निम्माच. आणि नेमकी उकाड्यातच माशाची गरज वाढलेली असते.

जे तळ्यात, तेच समुद्रात. शिवाय तापलेलं पाणी हलकं होऊन वरच राहतं. थंड, जड पाणी खाली बसतं. दोन्हींची घुसळण कमी झाली की तळाला ताजी हवा पोचत नाही. त्यात जमिनीवरून अन्नद्रव्यं वाहून आली, तर शेवाळ माजतं, मरतं, कुजतं आणि उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकतं.

हे पूर्वी घडून गेलेलं आहे. सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी सायबेरियात ज्वालामुखींचे प्रचंड उद्रेक झाले. त्यांतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडने पृथ्वी तापली, उष्ण कटिबंधातला समुद्र १० अंशांच्या आसपास चढला. २०१८ साली शास्त्रज्ञांनी संगणकावर मांडलेल्या हिशेबानुसार त्या वेळी समुद्रातला तीन चतुर्थांश प्राणवायू गेला. सागरी जीवांच्या दर दहा जातींमागे आठ-नऊ जाती कायमच्या संपल्या. पुढे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वी पुन्हा ५-६ अंशांनी तापली. तेव्हाही अनेक ठिकाणी समुद्रातला प्राणवायू घटला, आणि सगळं पूर्वपदावर यायला एक लाखाहून अधिक वर्षं लागली.

तुम्ही म्हणाल, हे बघायला तिथे होतं कोण? साक्ष आहे ती गाळाची. आपल्या रानात गांडूळ जसं माती खालीवर करतं, तसे समुद्रतळावरचे किडे गाळ उकरतात. प्राणवायू संपला की किडे नाहीसे होतात आणि गाळ वहीच्या पानांसारखा थरावर थर बसत जातो. आपल्याच अरबी समुद्रात, पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोर शास्त्रज्ञांनी नळ्या घालून असा गाळ वर काढला. १९९८ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. गेल्या हजारो वर्षांत हवामान उबदार झालं तेव्हाचे थर अखंड मिळाले, आणि कडाक्याच्या थंडीच्या काळातला गाळ उकरलेला मिळाला. सातबाऱ्यावरची नोंद एक वेळ चुकेल, पण या गाळावर फेरफार कोण करणार?

आता आजचं बघा. १९६० ते २०१० या पन्नास वर्षांत जगातल्या समुद्रांनी सुमारे २ टक्के प्राणवायू गमावला. आकडा लहान वाटतो, पण घट सगळीकडे सारखी नसते, आणि अरबी समुद्राची गंगाजळी आधीच कमी. तिथे सुमारे दोनशे ते हजार मीटर खोलीवर प्राणवायू जवळजवळ नाहीच. पावसाळ्यात खालचं हे पाणी वर चढून किनाऱ्याकडे सरकतं. हे निसर्गतःच होतं. पण ते अलीकडे तीव्र झालं असून, शेतातून वाहून येणारं नत्र हे त्याचं एक कारण असावं, असं गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली मांडलं. त्याचा फटका बसतो तो किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला. तोही आपल्यासारखाच पावसावर आणि कर्जावर जगणारा माणूस.

समुद्र तापवला तो मुख्यतः कोळसा आणि तेल जाळून. त्याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. कारखाने आणि शहरं यांना जाब विचारलाच पाहिजे. पण म्हणून आपल्या बांधावरची जबाबदारी सुटत नाही. कोकणातल्या नद्या आणि खानदेशातली तापी अरबी समुद्राला मिळतात, गोदावरी-कृष्णा बंगालच्या उपसागराला. मोठ्या पावसाच्या तोंडावर फेकलेला युरिया पिकाला किती लागतो आणि ओढ्याला किती जातो, ते तुम्हीच सांगा. वाहून गेलेलं खत म्हणजे वाहून गेलेला पैसाच!

तेव्हा माती तपासून घ्या, पावसाचा अंदाज बघून नत्र दोन-तीन हप्त्यांत विभागून द्या, ओढ्याकाठी गवताची पट्टी राखा. सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनीही गावाचं सांडपाणी सरळ नाल्यात न सोडता शोषखड्ड्यांत जिरवावं. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. समुद्र लांब आहे हे खरं, पण आपला ओढा शेवटी तिथेच जातो.