रस्त्याची नाडीपरीक्षा

वैद्य नाडी पाहिल्यावांचून औषध देत नाहीं, आणि शहाणा शेतकरी बांध कोठें फुटूं पाहतो हें पावसापूर्वींच फिरून पाहून ठेवतो. रस्त्यांच्या बाबतींत मात्र आधीं खड्डा पडावा, मग गाऱ्हाणें व्हावें, आणि शेवटीं खडी टाकावी, असा उलटा क्रम आपल्याकडे रूढ झाला आहे. रस्त्याच्या स्थितीची नियमित मोजणी हीच दुरुस्तीची पहिली पायरी होय, असें आमचें मत आहे. आणि तें मांडण्यास पनवेलपेक्षां योग्य गांव क्वचितच सांपडेल.

१८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हांपासून पुण्याची रहदारी पनवेलवरून चालत आली आहे. २००२ सालीं पूर्ण झालेला मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग जवळच कळंबोलीस सुरू होतो. गोव्याचा महामार्गही येथूनच फुटतो. १९८९ सालापासून न्हावा-शेवा बंदराचे अवजड ट्रक याच परिसरांतून जातात. अमेरिकेंत १९५८ ते १९६० या काळांत झालेल्या प्रयोगांवरून असें दिसून आलें कीं, आंसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानि दुप्पट नव्हे, सुमारें सोळापट होते. म्हणून वाहनें किती गेलीं एवढेंच नव्हे, तर तीं किती जड होतीं हेंही टिपलें पाहिजे.

मोजावयाचें तें काय? डांबरास पडलेल्या चिरा, चाकोरीची खोली, खड्डे, कडेच्या गटाराची स्थिति, आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा. आतां तर खिशांतल्या मोबाईल फोननेंही वाहनास बसणाऱ्या धक्क्यांची नोंद घेतां येते. परंतु या सर्वांत चिरांची नोंद मोलाची. कोंकणच्या पावसाचें पाणी बारीक चिरेंतून खालच्या खडीच्या थरांत मुरतें, थर ढिला होतो, आणि वरून जड चाक गेलें कीं डांबर निखळतें. मे महिन्यांत जें काम थोडक्या खर्चांत भागलें असतें, तेंच ऑगस्टांत खड्डा होऊन दुचाकीस्वाराच्या जिवावर बेततें. यास्तव मोजणी पावसाळ्यापूर्वीं एकदां व नंतर एकदां, ठरलेल्या ठिकाणीं, एकाच रीतीनें व्हावी. एका वर्षाचा आंकडा मुका असतो. पांच वर्षांचे आंकडे शेजारीं ठेवले म्हणजे ते बोलूं लागतात.

कोणी म्हणतील, मोजून खड्डे भरत नाहींत. तो पैसा डांबरासच द्या. आक्षेप खरा, पण अर्धा. नोंद नसली म्हणजे जेथें ओरड मोठी तेथें पैसा जातो, आणि गरिबांच्या गल्लींतील ओरड सभागृहापर्यंत पोंचत नाहीं. मोजपट्टी मात्र कोणाचें तोंड पाहत नाहीं. शिवाय, सर्व द्रव्य मोडलेल्या रस्त्यांवरच ओतलें, तर किंचित् डागडुजीनें टिकणारे रस्ते तोंवर मोडतात.

१९२७ सालीं बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें सबंध देशाच्या रस्त्यांचा विचार केला. तिच्या शिफारशींतून १९३४ सालीं इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली. १९४३ च्या नागपूर परिषदेनें रस्ते-बांधणीचा वीस वर्षांचा आराखडा आंखला. रस्ते बांधण्याचा हिशोब त्या पिढीनें मांडला. ते राखण्याचा हिशोब मांडणें हें आपलें काम.

पनवेलची नगरपालिका २०१६ सालीं महानगरपालिका झाली. तिनें प्रत्येक प्रभागांतील रस्त्यांची नोंद दरवर्षीं मराठींत प्रसिद्ध करावी, एवढेंच आमचें मागणें आहे. कारण कपाटांत पडलेली नोंद नसल्यासारखीच. आणि विद्यार्थीमित्रहो, तुम्हीही स्वस्थ बसूं नका. शिक्षकांसमवेत, रहदारी टाळून, शाळेजवळच्या एका गल्लीची वही राखा. ज्यानें खड्ड्याची खोली एकदां तारखेसह लिहिली, तो पुढें "रस्ते वाईट आहेत" एवढें म्हणून थांबणार नाहीं. कोणता, कोठें, किती आणि केव्हांपासून, असें तो विचारील. आणि असें विचारणारांस उत्तर देणें कोणासही टाळतां येणार नाहीं.