इंचावरचं सोनं

सिएटलच्या धक्क्यावर मुलानं आम्हाला बोटीत चढवून दिलं. त्याला रजा नव्हती, आम्हाला काम नव्हतं, म्हणून अलास्काची सात रात्रींची क्रूझ आमच्या वाट्याला आली. केबिनमध्ये बॅगा टेकवतो तोच त्याचा मेसेज : "तुमच्या खात्यावर २५० डॉलर ऑनबोर्ड क्रेडिट आहे. उतरताना एक सेंटही शिल्लक ठेवू नका."

आमच्या ह्यांची पस्तीस वर्षं बँकेत गेली. क्रेडिट म्हणजे जमा, आणि जमा रक्कम मोडायची नसते, एवढं त्यांचं अर्थशास्त्र. त्यामुळे संध्याकाळपर्यंत त्यांनी काउंटरवर जाऊन सगळी माहिती काढली. या क्रेडिटमध्ये दोन जाती असतात. एक परत मिळणारं, म्हणजे जवळपास रोख. बोटीनं एखादं बंदर चुकवलं की तिथल्या कराचे पैसे बहुधा असे जमा होतात. दुसरं न मिळणारं, जे कंपनी किंवा एजंट बुकिंगच्या वेळी खूश करायला देतो. शेवटच्या रात्रीपर्यंत वापरलं तर वापरलं, नाहीतर बुडालं. आमचं अर्थातच दुसरं. कॅसिनोत ते चालत नाही, पण तो प्रश्न आमच्या सात पिढ्यांत कुणाला पडला नसता.

रात्री ह्यांनी खिशातली डायरी उघडली. बोटीवर टिप ऐच्छिक म्हणायची, पण ती खात्यावर आपोआप लागते. माणशी दिवसाला १७ डॉलर. दोन माणसं, सात दिवस : २३८. "म्हणजे आपल्या हातात किती? बारा. बारा डॉलर!" आणि डायरी मिटली. हिशेब चोख होता. जे बिल कसंही करून येणारच आहे ते क्रेडिटमधून जावं, यासारखा शहाणा उपयोग नाही, हे मलाही पटलं. त्यात आमच्या टेबलावर वाढायला मडगावचा मुलगा होता. त्याच्या वाट्याचे पैसे आधी बाजूला पडले याचं बरंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्यानंच सुचवलं, "आंटी, धुण्याची पिशवी घ्या. मावेल तेवढं भरा, पैसे एकाच पिशवीचे." पिशवीचे ३० डॉलर. बारा डॉलरवाल्यांना ३० कुठून परवडणार? मी मोजे आणि बनियन बाथरूममध्ये धुऊन शॉवरच्या दोरीवर वाळत घातले. खिडकीबाहेर अलास्का आणि आत आमची चाळीतली गॅलरी.

चौथ्या दिवशी स्कॅगवे.

या गावी रूळ थेट धक्क्यापर्यंत आलेत. बोटीतून उतरलं की समोर हिरव्या-पिवळ्या डब्यांची गाडी उभी असते. व्हाइट पास अँड युकॉन रूट. १८९६ मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकला सोनं सापडलं आणि सुमारे लाखभर माणसं घरदार सोडून निघाली. त्यातली निम्मीही तिथवर पोचली नाहीत. वर्षभराची शिधासामग्री सोबत असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस हद्दीतून आत घेत नसत, त्यामुळे एकेकानं टनभर ओझं हप्त्याहप्त्यानं खिंडीवर चढवलं. घोडे तर इतके मेले की एका घळीचं नावच 'डेड हॉर्स गल्च' पडलं. ही गाडी त्यावरचा उतारा. १८९८ मध्ये काम सुरू झालं, १९०० मध्ये पुरं झालं, तोवर सोन्याची लाट ओसरलेली. रूळ तीन फुटी, आपल्या माथेरानच्या गाडीचे दोन फुटी, म्हणजे मोठी बहीणच. वीस मैलांत ती जवळजवळ तीन हजार फूट चढते.

हे सगळं मी माहितीपत्रकात वाचलं. धक्क्यावरच्या बाकावर बसून. बोटीच्या काउंटरवरचं सहलीचं तिकीट क्रेडिटमधून घेता येत होतं. बोटीमार्फत घेतलेली सहल जरा महाग पडते, पण गाडीला उशीर झाला तर बोट थांबते. बाहेरून घेतली तर क्रेडिट चालत नाही आणि बोटही थांबत नाही. दोघांचं मिळून क्रेडिटच्या थोडं वर जात होतं. "अहो, वरचे आपण घालू," मी म्हटलं. "वरचे नाही, अख्खे," ह्यांनी बोटानं बारा दाखवले. एक बोट, मग दोन बोटं. शिट्टी झाली. डबे एकेक करून आमच्या समोरून गेले. खिडकीतून एका बाईनं मला हात केला, मीही केला.

पाचव्या दिवशी ग्लेशिअर बे. तिथं दिवसाला दोनच मोठ्या बोटी सोडतात. बर्फाचा कडा तुटून पाण्यात पडला की आधी तो पडताना दिसतो आणि मग आवाज येतो. दिवसभर डेकवर उभे होतो, खर्च शून्य. ह्यांचा सर्वात आवडता दिवस.

सहाव्या दिवशी केचिकानहून परतल्यावर हे शिल्लक बघायला काउंटरवर गेले. पुढे आपल्याकडचेच एक गृहस्थ टिपा काढून टाकायला सांगत होते. क्रेडिट मोकळं होतं आणि त्यात व्हिस्की बसते, हे त्यांनी ह्यांना मराठीतून समजावलं. मला हे मुळीच पटत नाही. रात्री दहाला तुमच्या उशा सारख्या करणाऱ्याच्या खिशातून तुमची व्हिस्की कशाला? असो. ह्यांचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीनं कागद छापून दिला. शिल्लक : २५०.

"टिपांचं काय?"

"त्या बुकिंगच्या वेळीच भरल्यात, सर."

मुलानं पाठवलेल्या चौदा पानी पीडीएफमध्ये नवव्या पानावर हे होतं. पस्तीस वर्षं लोकांना बारीक अक्षरातल्या अटी वाचायला लावणाऱ्या माणसानं फोनवर अक्षर बारीक दिसतं म्हणून ते पान वाचलं नव्हतं.

हातात उरला एक दिवस. मी मडगावच्या पोराकडे धावले. धुण्याची पिशवी? बंद झाली, शेवटच्या दिवशी कपडे घेत नाहीत. खास रेस्तराँ? टेबलं भरली. सहल? शेवटचं बंदर व्हिक्टोरिया, तेही संध्याकाळी, तिथल्या सहलीही भरलेल्या. जे जे उपयोगाचं ते ते आधी ठरवणाऱ्यांनी नेलेलं. शेवटच्या दिवशी बोटीवर विकायला उरतं ते कुणालाच नको असलेलं : बिंगो, स्पा, फोटो, घड्याळं, दारू. आणि तेवढ्यापुरते सेल लागतात. आमच्यासारख्यांची ते वाटच बघत असावेत.

ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा परक्याकडून पाय चोळून घेतले. ८० डॉलर, वर १८ टक्के सेवाशुल्क, ९४.४०. पाय चोळणारी पोरगी शेवाळाचं क्रीम गळ्यात मारत होती, ते मात्र ह्यांनी निवृत्त शाखाधिकाऱ्याच्या आवाजात नाकारलं. चढताना नकळत काढलेले आमचे दोन फोटो घेतले, ५० डॉलर. दोन्हींत माझे डोळे मिटलेले.

आणि मग सोनं. रिळाला गुंडाळलेली साखळी, शेजारी कात्री, आणि पाटी : इंचाला अडीच डॉलर. तोळ्यावर, ग्रॅमवर, फार तर गुंजेवर सोनं घेणाऱ्या घरातली मी. सोनं ब्लाउजपीससारखं मापून कापतात हे तिथं पाहिलं. अर्थात तो वरचा मुलामा, पण बाईनं माझ्या मनगटाभोवती साखळी फिरवून कात्री लावली तेव्हा आवाज खऱ्यासारखा आला. माझ्यासाठी, सुनेसाठी, गळ्यातलं, हातातलं, मिळून बत्तीस इंच. ८० डॉलर. उरलेल्या २५.६० मध्ये चॉकलेटं आणि अस्वलाचं चित्र असलेला टी-शर्ट, नातवाला दोन साइझ मोठा. डायरीत शेवटी शून्य. ह्यांनी त्याखाली दोन रेघा ओढल्या.

सकाळी सिएटलला मुलगा गाडी घेऊन उभाच होता. बॅगा टाकल्या, पट्टे लावले, गाडी हायवेला लागली.

"मग? व्हाइट पासची ट्रेन कशी होती?" आरशातून आमच्याकडे बघत तो म्हणाला. "टिपा मी मुद्दाम आधी भरल्या. म्हटलं, क्रेडिट ट्रेनला होईल."

हे खिडकीबाहेर बघायला लागले. मी स्वेटरची बाही खाली ओढून साखळी झाकली.