भट्टीपर्यंत न पोहोचलेला संगणक
(सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या सचिवांस खुले पत्र)

सचिव महोदय यांसी,


१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर अमलात आला, तीन वर्षांनी नेमक्या त्याच तारखेस उद्यम नोंदणी सुरू झाली, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यावसायिकास ई-बीजक सक्तीचे झाले. एवढ्यावरून लहान कारखान्यांत संगणकाचा संचार झाला, अशी सरकारदरबारी समजूत झाली असल्यास तीत नवल नाही. परंतु तो संगणक हिशेबनिसाच्या खोलीत आहे. मधली भिंत ओलांडून तो भट्टीपर्यंत गेला किंवा कसे, हा प्रश्न कराच्या विवरणपत्रांत यावयाचे कारणच नाही.

कोल्हापूरजवळच्या शिरोली वा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील एखादी मध्यम फाउंड्री घ्यावी. तेथे ओतल्या जाणाऱ्या कास्टिंगचे भवितव्य वाळूतील तीन-चार टक्के ओलाव्यावर, रसाच्या रासायनिक प्रमाणावर आणि ओततेवेळच्या सुमारे १३५० ते १४०० अंश तापमानावर ठरते; आणि यांपैकी एक जरी बाब बिघडली तरी पोटात राहिलेली वायूची पोकळी, म्हणजे ब्लोहोल, पुष्कळदा तेव्हाच उघडी पडते, जेव्हा गिऱ्हाइकाच्या कारखान्यात त्या नगावर यंत्रकाम होऊन गेलेले असते आणि सगळा माल रिजेक्शनचा शिक्का घेऊन परत येतो. तो नग कोणत्या हीटचा, म्हणजे भट्टीतील कोणत्या खेपेच्या रसाचा, त्या पाळीस वाळू कोणी तपासली, रस किती वेळ लॅडलमध्ये निवत राहिला, याचा दाखला कागदावर नसेल तर तो केवळ मिस्त्रीच्या स्मरणात असतो, आणि मिस्त्री त्या दिवशी रजेवर असतो! अशा ठिकाणी भट्टीवर संवेदक बसविला, पडद्यावर तापमानाची रंगीत रेषा उमटू लागली, तरी ज्या कास्टिंगवर हीटचा क्रमांकच टाकलेला नाही त्याचा त्या रेषेशी संबंध जोडणार कोण?

या संबंधात आपल्याच देशात झालेल्या एका प्रयोगाकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव येथील १७ कंपन्यांच्या २८ कापड-कारखान्यांत तो केला आणि २०१३ साली प्रसिद्ध केला. काही कारखान्यांस महिनाभर पाहणी आणि पुढे चार महिने प्रत्यक्ष मार्गदर्शन मिळाले, काहींस नुसती पाहणी. सल्लागारांनी नवी यंत्रे आणली नाहीत. माग का थांबला, सूत कोठे किती पडून आहे, कापडात दोष कोणता, यांची रोजची नोंद आणि त्या नोंदीवर रोजची चर्चा, एवढाच मुख्य उपचार होता. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. आणि, आपणांस विशेष रस वाटावा अशी गोष्ट म्हणजे, संगणकाचा वापरही वाढला, कारण इतक्या नोंदी हाताने सांभाळणे अवघड झाले. पुढे काही वर्षांनी पाहता त्यांतील जवळपास निम्म्या प्रथा सुटलेल्या आढळल्या, आणि व्यवस्थापक बदलणे हे त्याचे एक कारण होते, हेही सांगितले पाहिजे. फाउंड्री म्हणजे कापड-कारखाना नव्हे, हा आक्षेपही मला मान्य आहे. तथापि नोंदीची गरज भासल्यावाचून संगणकाची भासत नाही, एवढे तरी ओतकामासही लागू पडावे.

दुसरी बाब पैशाची. लघु उद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्याने लहान पुरवठादाराचे देणे फार तर ४५ दिवसांत चुकते करावयाचे, आणि न केल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावयाचे आहे. पण ज्याच्या हुकमावर वर्षभराची भट्टी पेटते त्याच्याविरुद्ध फिर्याद गुदरण्याची छाती कोणाची आहे? वेळेत न चुकविलेल्या अशा देण्याची वजावट रोखून धरणाऱ्या आयकर कायद्यातील दुरुस्तीने २०२३-२४ पासून थोडा धाक बसला, हे खरे. तरीही ज्या बड्या गिऱ्हाइकास तपासणीचे आकडे आणि प्रमाणपत्रे आपल्या संकेतस्थळावर त्याच दिवशी हवी असतात, त्याचा धनादेश मात्र तगाद्यावाचून सुटत नाही, आणि नव्या यंत्रणेत घालावयाचे भांडवल त्या येण्यातच अडकून पडते.

म्हणून विनंती अशी की, यंत्राच्या खरेदीपावतीवर मिळणाऱ्या अनुदानातील काही हिस्सा माणसाच्या वेतनाकडे वळवावा : कोल्हापूर-सांगलीच्या तंत्रनिकेतनांतून बाहेर पडणाऱ्या पदविकाधरांपैकी काहींना ओतकामाच्या नोंदीचे शिक्षण देऊन त्यांना निदान वर्षभर एकेका फाउंड्रीत बसवावे, त्यांचे अर्धे वेतन सरकारने द्यावे आणि अर्धे मालकाने, कारण फुकट मिळालेल्या सल्लागारास मालक चहा पाजतो आणि वाटेला लावतो. वर्षअखेरीस रिजेक्शन किती घटले हे त्याच फाउंड्रीच्या वहीवरून तपासावे, आणि मगच तिच्या संगणकाच्या मागणीस मंजुरी द्यावी.



आपला,
एक नागरिक